लालासाहेबांची पकड

सांगली,
८ जानेवारी २०२४

ति. आजोबा यांस,
अश्लेषाचा सा. जय भीम. वि. वि.

इकडे सगळे मजेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही कपाटात जपून ठेवता, म्हणून पप्पा म्हणाले, पत्रच लिही. आईने पाठवलेली हळद मिळाली का?

कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात मी आता पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी. परवा सरांनी अमेरिकेतल्या बेसबॉलबद्दल सांगितलं. तिथे एके काळी काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या संघात घेतच नसत. त्यांचे संघ वेगळे, सामने वेगळे. परगावी हॉटेलात खोली मिळायची नाही, म्हणून बिचारे बसमध्येच झोपायचे. मी मान वर करून सांगितलं की आमच्या आजोबांना गावाने कबड्डीत आपल्याच संघात घेतलं होतं आणि त्यांना कधी कुणी धरू शकलं नाही.

आता खरी बातमी. गावच्या नव्या कबड्डी मैदानाचं उद्घाटन फेब्रुवारीत आहे आणि तेव्हा तुमचा सत्कार करायचं मंडळाने ठरवलंय. फाटकाजवळ ‘कधीच पकड न झालेला चढाईपटू’ असा तुमच्या नावाचा फलक लागणार. भाषण मी करणार. कुरकुर चालणार नाही.

माया आहेच, ती वाढवत राहा.
तुमची,
अश्लेषा

सातारा,
१५ जानेवारी २०२४

चि. अश्लेषा हिस,
आकाराम आजोबांचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

हळद मिळाली. मशीन कपाटातच बरं, लावलं की शेजारची भांडणं ऐकू येतात.

तू पिचर झालीस, आनंद झाला. पण सत्काराला मी येणार नाही. तुला वाईट वाटेल, म्हणून कारण सांगतो.

आम्ही तेव्हा हुतुतूच म्हणायचो. मी दम घेऊन समोर गेलो, की विटाळ नको म्हणून पोरं मागे सरायची, घाईत आपणच रेषेबाहेर जायची आणि बाद व्हायची. मला धरणार कोण? गावाने मला घेतलं ते याचसाठी. सामना जिंकला की बाकीचे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जेवायला जायचे आणि मी माझं भाकरीचं फडकं सोडून लांब बसायचो. तुझ्या त्या अमेरिकेतल्या गड्यांना वेगळं ठेवलं हे खरं, पण त्यांनी टाकलेला चेंडू निदान कुणीतरी झेलत होतं. मला खेळता येतं की नाही, हेच मला कळत नव्हतं.

आणि तो फलक खोटा आहे. माझी पकड झाली होती. शिराळ्याकडचा लालासाहेब म्हणून एक पाटलाचा मुलगा होता. त्याने माझ्या कमरेला अशी मिठी घातली की दम तुटला. मी बाद झालो आणि बाहेर बसून हसत होतो, लोकांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. पुन्हा आत आल्यावर त्याने परत धरलं. या खेपेला मी त्याला ओढत नेला आणि मध्यरेषेला बोटं टेकवली. माझ्या सगळ्या खेळातला तो एकच गुण मी माझा मानतो.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.
तुझा,
आजोबा

सांगली,
२४ जानेवारी २०२४

ति. आजोबा यांस,
सा. जय भीम. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग रागच आला. तशीच गावी गेले आणि तो मजकूर काढा म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. मी म्हटलं, मग माझं भाषणही नाही. शेवटी कसेबसे तयार झाले आणि विचारलं, मग लिहायचं काय?

रविवारी पप्पांना घेऊन शिराळ्याला गेले. विचारत विचारत घर सापडलं. लालासाहेब आहेत, आजोबा! काठी लागते, पण आवाज खणखणीत. तुमचं नाव सांगताच ताठ बसले. मी आभार मानले तर माझ्यावरच खेकसले. म्हणाले, “उपकार कसलं? आमी हरत हुतो आन् ह्यो एकटा समद्यांना बाद करीत हुता. धरल्याबिगर जमत न्हवतं, म्हणून धरला. लय ताकदीचा गडी.” त्या दिवशी घरी त्यांच्या आईने त्यांना उंबऱ्याबाहेरच अंघोळ करायला लावली, हे सांगताना मात्र त्यांची मान खाली गेली.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. तुमचा तो गुण त्यांना मान्य नाही. ओढताना तुमचा डावा पाय बाजूच्या रेषेबाहेर गेला होता आणि पंचाने पाहिलं नाही, असं ते अजून सगळ्यांना सांगतात. तुम्ही आलात तर तेही येतील म्हणाले. तुम्ही जो एकच गुण आपला मानता, तोच ते काढून घेतायत. मंडळाला काय सांगू?

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
अश्लेषा

सातारा,
३० जानेवारी २०२४

चि. अश्लेषा हिस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र वाचून इतका हसलो की शेजारीण बघायला आली. मग डोळे भरून आले, तेही लिहितो. बाकीच्यांकडून मला ढिगाने गुण मिळाले, त्यातल्या एकावरही कुणी कधी भांडलं नाही. हा माणूस माझ्या एका गुणासाठी जन्मभर भांडतोय आणि मला पत्ताच नाही.

मंडळाला कळव, मी येतो. फलकावर काय लिहायचं ते आम्ही दोघं मैदानात उभं राहून भांडून ठरवू, आणि नाहीच ठरलं तर कोरा राहू दे.

पाय आत होता, एवढं मात्र लालासाहेबाला आजच कळव.

तुझा लोभ आहे, तसाच असू दे.
आजोबा