शिंगरू देऊन घेतलेला घोडा

मास्तर, आज सकाळी मी मालकाच्या, आपल्या अरबाबच्या ऑफिसात जाऊन एक गोष्ट बोलून आलो. तेव्हापासून गॅस बंद केला की नाही ते उठून उठून बघतोय. चहा केला तो प्यायचा राहिला, त्यावर साय धरली. हे सांगू कोणाला? घरी फोन करून बायकोला सांगितलं तर ती म्हणेल, "तुम्हाला विचारलं होतं कोणी?" आणि तिचं म्हणणं खरंच असेल. माझं शिक्षण सातवीपर्यंत, लिहायची सवय स्टोअरमधल्या मालाच्या चिठ्ठ्यांपुरती. तुम्ही इकडे शारजाला येण्याआधी चिपळूणला पी.टी.चे मास्तर होतात, म्हणून कंपनीत सगळे तुम्हाला मास्तरच म्हणायचे. तेव्हा माझं कुठे चुकलं तर पोरांचं करायचात तसं मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या.

गोष्ट अशी आहे. आपल्या कंपनीच्या क्रिकेट टीममध्ये आता मुंब्र्याचा एक पोरगा आहे, फिरकी टाकतो. बॉल हातातून सुटला की कुठे वळेल ते त्यालाही माहीत नसतं, पण वळतो एवढं नक्की. अल ऐनच्या एका कंपनीत मंगलोरचा एक बॅट्समन आहे, चाळिशीला आलेला, गुडघ्याला पट्टा बांधून खेळतो, पण अजून पन्नास करतो. टीमच्या नवीन मॅनेजरच्या मनात आलंय की पोरगा द्यायचा आणि त्याला घ्यायचं. मला म्हणतो, "चाचा, फायनल जिंकायची तर एक्सपिरिअन्स पाहिजे. पोरं काय, अजून दहा येतील. तुम्ही फक्त त्याला समजवा, तुमचं ऐकतो तो." इथली रीत तुम्हाला वेगळी सांगायला नको. तुमच्या काळात होती तशीच आहे. खेळणारा माणूस व्हिसावर हेल्पर असतो नाहीतर पेंटर असतो. टीम बदलायची म्हणजे कंपनी बदलायची, आणि कंपनी बदलायला मालकाची सही लागते. दोन मालक फोनवर हसतखिदळत बोलतात आणि इकडे दोन माणसांच्या बॅगा भरल्या जातात. माणसाची खोली बदलते, मेस बदलते, पासपोर्ट ज्या कपाटात पडलेला असतो ते कपाटसुद्धा बदलतं.

मी तसाच आलो होतो तुमच्याकडे, अजमानच्या एका कंपनीतून. चाळिशी ओलांडलेला विकेटकीपर, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. टीम तुम्ही चालवायचात, आणि माझ्या बदल्यात तुम्ही दिलात तो महाडचा डावखुरा, विशीतला. त्याच्यासारखा बॉलर शारजाच्या त्या सगळ्या वर्कशॉपांच्या मागच्या मैदानांवर दुसरा नव्हता. वाळूवर सिमेंटची पट्टी, तिच्यावर खिळे ठोकून ताणलेली मॅट, आणि तिच्यावरून त्याचा बॉल असा सरसर यायचा की बॅट्समनच्या आधी कीपरची भंबेरी उडायची. आपल्या टीमचे कॅच मागेच सुटायचे, म्हणून तुम्हाला कीपर हवा होता, इथवर सगळ्यांना पटत होतं. पण ज्याच्या बॉलवर कॅच सुटतात तोच बॉलर देऊन कीपर आणायचा? अरबाबने तर सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, "मास्टर, जवान देता, बुड्ढा लेता? तुम मुख माफी?" मुख माफी, म्हणजे डोकं गायब. कामगारांच्या कॅम्पमध्ये महिनाभर तेच चाललं होतं. मी मेसमध्ये ताट घेऊन बसलो की कोणीतरी हळूच म्हणायचं, "शिंगरू देऊन घोडा घेतलाय, जरा जास्त चारा घाला रे त्याला." सगळे हसायचे. मीही हसायचो. न हसून काय करणार?

पहिल्या संध्याकाळी तुम्ही मला रोल्ला बाजारातल्या तुमच्या खोलीवर नेलंत. चार जणांत एक स्वयंपाकघर, खिडकीच्या गजांना लसणीची माळ टांगलेली. तुम्ही कुळथाचं पिठलं करताय आणि मी दाराला टेकून उभा आहे. बस म्हटलंत तरी मी बसत नाही. शेवटी मी धीर करून विचारतो, "मास्तर, मला का घेतलंत? त्याच्या जागी मी पुरा पडणार नाही." तुम्ही पळी हलवत राहता. मग म्हणता, "तू कॅच घे. हिशेब मी करतो." एवढंच. मग सुकट भाजलीत, तिच्यावर कांदा चिरून घातलात आणि मला वाढलीत. मी जेवलो, पण त्या उत्तराने माझं पोट भरलं नाही, अजून भरलेलं नाही.

तुम्ही मला रागावलात तो शुक्रवार मला चांगला आठवतो. जुम्म्याच्या आधी मॅच संपवायची म्हणून सगळे घाईत. मी प्रत्येक बॉलनंतर मागे वळून बघत होतो, आपला फाइन लेग कुठे उभा आहे, बॉल सुटलाच तर अडवेल का. एक बॉल आला तेव्हा माझी मान अजून अर्धी मागेच होती. चार बाय गेले. ओव्हर संपल्यावर तुम्ही पिकअपच्या सावलीतून उठून मैदानात आलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "मागे काय तुझी सासुरवाडी आहे? कीपरने मागे बघायचं नसतं. जे सुटलं ते सुटलं, पुढचा बॉल येतोय तो बघ." पोरं खो-खो हसली. माझे कान तापले. पुढच्या आठवड्यात तुम्ही कागदात गुंडाळलेली एक जोडी माझ्या हातात ठेवलीत, ग्लोव्हजच्या आत घालायचे मऊ चामड्याचे हातमोजे. मी किंमत विचारली. साठ दिरहम. मी तोंडातल्या तोंडात पाचशे रुपये म्हणालो तेव्हा तुम्ही म्हणालात, "बोटं तुझी वाकडी आहेत, डोकं सरळ ठेव."

त्या वर्षीच्या फायनलला समोर कोण आलं? अजमान. आणि बॉलिंगला तो डावखुरा. मास्तर, मी ती शेवटची ओव्हर रोज बघतो. आपली शेवटची जोडी, जिंकायला दोन रन, स्ट्राइकवर मी. तो धावत येतो. बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर पडतो, आत येतो, माझ्या बॅटला चुकवतो, स्टंपलाही केसाने चुकवतो, आणि मागे त्यांचा तो नवशिका कीपर भलतीकडेच बसलेला असतो. बॉल वाळूत जाऊन रुततो. आपण दोन बाय पळतो आणि कप आपला. तुम्ही टोपी हवेत उडवलीत. तो डावखुरा मॅटवरच बसला. मी हात पुढे केला तेव्हा त्याने तो धरला आणि म्हणाला, "भाई, तुम्ही आमच्या मागे असतात तर हा बॉल सोडला नसतात." हसत म्हणाला. पण मला तिथल्या तिथे कळलं की त्यांचा कीपर म्हणजे मीच, आणि मला तुम्ही उचलून आणलं होतं. बॉलर दिलात, पण त्याचा बॉल धरणारे हात काढून घेऊन दिलात. मग तुमचा हिशेब हाच होता का?

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही सुट्टीवर गेलात ते गेलातच. चिपळूणहून फोन आला, की आंघोळीला गेले आणि बाहेरच आले नाहीत. त्या शुक्रवारी आम्ही मॅट अंथरलीच नाही. त्यानंतर काही महिन्यांत अजमानची कंपनी बंद पडली. मशीनं ट्रकवर चढली, माणसांना तिकिटं हातात देऊन घरी पाठवलं. जे तरणे होते त्यांनी धडपड करून दुसरीकडे कामं मिळवली. डावखुऱ्याला नाही जमलं. त्याच्याकडे खेळ होता, पण कागदावर तो नुसता हेल्पर होता. आणि मी तिकडे राहिलो असतो तर? वाकड्या बोटांचा, चार पोरांचा बाप, सातवी पास. मला कोणी उभंही केलं नसतं. कॅम्पमधला एक म्हातारा सुतार मला म्हणाला होता, "कंपनी बुडणार याचा मास्तरला वास लागलेला असणार. त्याने तुला वाचवलं." तेव्हापासून माझ्या डोक्यात तीन मास्तर आहेत. एकाला फक्त कॅच हवे होते. एकाने समोरच्याला लंगडं करायचा डाव टाकला. आणि एकाने माझ्या पोरांच्या तोंडचा घास वाचवला, पण त्यासाठी एका पोराला बुडणाऱ्या होडीत बसवलं. तिघांपैकी खरा कोण ते मला ठरवता येत नाही. ज्या दिवशी तिसरा खरा वाटतो त्या दिवशी मला जेवण जात नाही.

मागच्या सुट्टीत तो मला भेटला. महाडच्या स्टँडबाहेर सहा आसनी रिक्षा चालवतो. मी ओळखलं नाही, त्यानेच ओळखलं. "भाई, बोटं सरळ झाली की नाही?" म्हणत माझी बॅग टपावर टाकली. अंगाने सुटलाय, कानाजवळ केस पांढरे. वाटेत त्याने तुमच्या दोन नकला करून दाखवल्या, पिकअपच्या सावलीत बसून पान खाणारे तुम्ही आणि टोपी उडवणारे तुम्ही. बाकीचे पॅसेंजरही हसले. मग एका वळणावर, रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "मास्तरनी एकदा विचारलं असतं ना भाई, तर मी हो म्हटलं असतं. नुसतं विचारलं नाही." मी म्हटलं, "तेव्हा कोण कोणाला विचारायचं?" तो म्हणाला, "तेही खरं." भाडं काही केल्या घेतलं नाही त्याने.

म्हणून या वेळी मी ठरवलं की मुंब्र्याच्या पोराला विचारायचं. हा पोरगा रोल्लाला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकतो. अल ऐनला गेला तर थेट साइटवर, उन्हात, आणि ते शिकणं खलास. मी त्याला सगळं नीट सांगितलं आणि म्हटलं, "आता तू सांग, जायचं का?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही सांगाल तसं." मास्तर, विचारून झालं तरी ओझं माझ्याच डोक्यावर. तेव्हा मला वाटलं, तुम्ही विचारलं नाहीत ते याच भीतीने तर नाही?

आणि परवा तो मंगलोरवाला स्वतः मला भेटायला आला. अल ऐनहून एवढ्या लांब, हातात केळ्याच्या हलव्याचा डबा. खाली बसताना त्याने गुडघा हाताने सरळ केला. म्हणाला, "भाईसाब, ये सीझन के बाद मेरा व्हिसा रिन्यू नहीं करेंगे. मेरी बेटी टेंथ में है." मागे त्याची मुलगी उभी होती, सुट्टीत बापाकडे आलेली. मी तिला हलवा खा म्हटलं तर म्हणाली, "नो थँक यू, अंकल, इट्स फॉर यू." मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला दाराला टेकून उभा असलेला मी दिसत होतो, पिठल्याचा वास येत होता. याला नको म्हणायचं म्हणजे तुम्ही मला नको म्हणण्यासारखं. याला हो म्हणायचं तर पोरगा जातो. त्या दिवसापासून माझं ब्लड प्रेशर वर आहे. डॉक्टर म्हणतो, मीठ कमी करा.

आज सकाळी मी अरबाबकडे गेलो. मॅनेजरला विचारलं नाही. अरबाब आता थकलाय, काठी घेऊन चालतो, पण आवाज तोच. मी म्हटलं, "अरबाब, मंगलोरवाले को लाने का है तो लाओ. उसका कंपनी उसको ऐसे भी छोड़ता है. लेकिन लड़का मत दो. मेरा स्टोअरकीपर का व्हिसा मंगलोरवाले को दो. मैं घर जाता हूँ." तो हसला, खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, "तुम भी मास्टर जैसा मुख माफी." मी म्हटलं, माझा गुडघा दुखतो, साठी जवळ आली, नातवंडं आहेत. गुडघा मंगलोरवाल्याचा दुखतो, माझा धड आहे. अरबाब म्हणाला, "यल्ला, जाओ. हम सोचेगा, इन्शाल्ला." आता हा इन्शाल्ला म्हणजे हो की नाही, ते मला एवढ्या वर्षांत ओळखता आलेलं नाही. पोराला मी काही सांगितलेलं नाही, मंगलोरवाल्यालाही नाही.

हे कागद कुठे पाठवू? चिपळूणच्या तुमच्या घराचा पत्ता मला पाठ आहे, पण तुमच्या मुलाने हे वाचून काय करायचं? बाप कसा होता ते त्याला माझ्यासारख्या माणसाकडून कशाला कळायला हवं, जेव्हा मलाच नीट माहीत नाही. राहू दे इथेच.

एक मात्र सांगतो. अरबाबच्या केबिनमधून निघालो तेव्हा वाटलं होतं की छाती हलकी होईल. नाही झाली. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर पाय ठेवला आणि मनातून दुआ निघाली ती अशी, की त्याने नाही म्हणावं. त्याने मला हाक मारावी, वेडा आहेस का म्हणावं, आणि स्टोअरची किल्ली माझ्याकडेच राहावी. तुम्ही सगळ्यांदेखत बजावलं होतंत, तरी मी मागे वळून बघितलं, मास्तर. दार बंद होतं.