काडीवरचे लाडू

भुकूम, ता. मुळशी
९ जानेवारी २०२५

ती. सगुणाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, म्हणून दिवसभर हिंजवडीत कीबोर्ड बडवणारी तुझी भाची पुन्हा पेन हातात धरते आहे. परतूरच्या शाळेत छत्तीस वर्षं ज्या नजरेने वह्या तपासल्यास, त्या नजरेने हे वाचू नकोस. अक्षर पार बिघडलं आहे.

शनिवारी आमच्या स्वरदाचा सहावा वाढदिवस झाला. सोसायटीतली बावीस मुलं आली होती. तुझा जावई कौस्तुभ नेमका मेणबत्ती विझवताना पोचला, कारण हिंजवडीची वाहतूक कुणाचा वाढदिवस बघत नाही. तू पाठवलेला फ्रॉक तिने संध्याकाळभर अंगावरून उतरू दिला नाही.

मी सुटीच्या दिवशी ऑर्डरी घेते ते केक पॉप म्हणजे काय, असं तू विचारलंस. सोपं आहे. भाजलेला केक हाताने चुरायचा, त्यात चमचाभर क्रीम घालून मळायचा आणि लिंबाएवढे लाडू वळायचे. ते थोडे गार करायचे. मग काडीचं टोक वितळलेल्या चॉकलेटात बुडवून लाडवात खुपसायचं, म्हणजे काडी पक्की बसते. शेवटी अख्खा लाडू चॉकलेटात बुडवून, जास्तीचं निथळू देऊन, थर्माकोलमध्ये उभा करून ठेवायचा. लाडू फार गार असला तर वरचं कवच तडकतं, आणि चॉकलेटात पाण्याचा थेंब पडला तर त्याचा गच्च गोळा होतो. बाकी कुणालाही जमेल. फुलाबाई त्याला काडीवरचे लाडू म्हणतात.

फुलाबाई म्हणजे आमच्याकडे कामाला येतात त्या, मागच्या डोंगरावरच्या वाडीतल्या. त्यांची लेक पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. रविवारी बाळाचं बारसं झालं. मी गेले होते. छान झालं.

एक विचारायचं होतं. फुलाबाई गेली तीन वर्षं सकाळी आल्या की आधी माझ्याबरोबर चहा घेतात. सोमवारपासून त्यांनी चहा सोडला आहे. विचारलं तर म्हणतात, की नगं ताई, घरी घिऊन आल्ये. असं का होत असेल?

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो आहे तेवढाच राहो.

तुझी,
उत्कर्षा

*

परतूर, जि. जालना
१५ जानेवारी २०२५

चि. सौ. उत्कर्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र काल संक्रांतीच्या दिवशीच हाती पडलं. अक्षर बिघडलेलं नाही, मुळातच ते असं होतं. तुझ्या कृतीवरून मी बिस्किटांचा चुरा करून दोन लाडू वळून पाहिले. शेजारच्या जनार्दन गुरुजींना एक दिला. त्यांनी काडीसकट दाढेखाली घेतला आणि कालपासून मला तोंड दाखवलेलं नाही.

आता तुझ्या पत्राविषयी. वह्या तपासायची सवय जात नाही, त्याला मी काय करू? चॉकलेटात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं, हे तू मला नीट समजावलंस. फ्रॉकविषयीही लिहिलंस. आणि ज्या बाईबरोबर तू तीन वर्षं रोज चहा पितेस, तिच्या घरच्या पहिल्या बारशाला तू पाच शब्द दिलेस. मी गेले होते. छान झालं. बाळाचं नाव काय ठेवलं तेसुद्धा नाही.

मी तुला ओळखते. तू लहानपणी एवढी सोवळी होतीस, की भावाने दिलेला पेरूसुद्धा फ्रॉकचं टोक वर धरून, चिमणीच्या दातांनी तोडलेला असेल तरच घ्यायचीस. नाहीतर उष्टा म्हणून भोकाड पसरायचीस. तेव्हाही काही लपवायचं असलं की तू भलत्याच गोष्टी भरभरून सांगत असायचीस. चहा सोडणारी बाई उगाच चहा सोडत नाही. ते तुला माहीत आहे, तरी तू मला विचारते आहेस.

काय केलंस ते लिही. मी इथे बसून तुझे कान उपटू शकत नाही, एवढाच काय तो तुला दिलासा.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. सर्वांना आशीर्वाद सांगावेत आणि माझ्यावर रागावू नये.

तुझी आत्या,
सगुणा

*

भुकूम
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा फाडला. आता सरळच लिहिते.

बारशासाठी चाळीस काडीवरचे लाडू हवेत, असं फुलाबाईंनी मला डिसेंबरातच सांगितलं होतं. वाडीतल्या कुणी ते खाल्ले नव्हते. आमच्या ताई करनार हायेत, असं त्यांनी घरोघर सांगून ठेवलं होतं. मी हो म्हटलं. सोसायटीतल्या बायकांच्या ऑर्डरी मी चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चिकटवते. फुलाबाईंचं सांगणं चहा पिताना तोंडी झालं, ते मी कुठे लिहिलंच नाही. आणि विसरले. घरात बारशाची गडबड असताना त्या शनिवारी स्वरदाच्या वाढदिवसाला राबायला आल्या, सगळं आवरून गेल्या, तरीही मला आठवलं नाही.

रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन आला, की लाडू न्यायला कुणाला पाठवू. मी म्हटलं, मीच घेऊन येते. फोन ठेवला आणि घड्याळ बघितलं. नवा केक भाजून, गार करून, वळून, बुडवून अकरापर्यंत चाळीस होणं शक्य नव्हतं. फ्रिजमध्ये आदल्या दिवशीचा केक अर्ध्याच्या वर उरला होता. तोच, ज्यावर स्वरदाने तीनदा फुंकर मारली होती, कारण मेणबत्ती विझत नव्हती. ज्यात पोरांनी बोटं घालून क्रीम चाटलं होतं. कौस्तुभ म्हणाला, की चॉकलेटच्या आत कोण बघतंय. मी त्याच्यावर ढकलत नाही. त्याने म्हणायच्या आधीच मी केक बाहेर काढला होता.

मेणाचे थेंब सुरीने खरवडले, केक चुरला, लाडू वळले. आत्या, ते दिसायला फार सुंदर झाले. एकही कवच तडकलं नाही.

वाडीत मला पाटावर बसवलं. बाळाचं नाव सारजा ठेवलं, फुलाबाईंच्या सासूबाई सारजाबाई अजून आहेत, त्यांचंच. आणि मग घुगऱ्या वाटायच्या आधी फुलाबाईंनी माझ्या डब्यातले पाच लाडू उचलले आणि वाघजाईपुढे नैवेद्य म्हणून ठेवले. हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. मी तिथे होते. थांबा एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मीही हात जोडले.

पाचातला एक प्रसाद म्हणून फुलाबाईंनी स्वतः खाल्ला. चावता चावता थांबल्या, जिभेवरून काहीतरी बोटावर घेतलं. निळ्या मेणाची कपची होती. वाढदिवसाच्या संध्याकाळी तीच निळी सहा आकड्याची मेणबत्ती त्यांनी धुऊन खणात ठेवली होती. उलटी केली की नवाला चालंल, असं म्हणाल्या होत्या. त्यांनी ती कपची बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि पदराच्या टोकात बांधली. तोंडातला घास त्यांनी गिळला. त्यानंतर त्या पोरांना लाडू वाटायला उठल्या नाहीत, पण ते वाटप कुणी थांबवलंही नाही. पोरं काड्या चाटत होती.

संक्रांतीला मी तिळगूळ दिला तो त्यांनी घेतला आणि कागदात बांधून घरी नेला. काम पूर्वीसारखंच चोख करतात. मला रोज सकाळी वाटतं, आज सांगावं, आणि रोज मी ऑफिसची बॅग उचलते.

मला स्वतःची किळस येते. आता तरी रागाव.

तुझी,
उत्कर्षा

*

परतूर
२६ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षास,
आशीर्वाद.

झेंडावंदन करून आले आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. रागवायला तू सांगितलंस म्हणून रागावत नाही. लाज वाटली. तुला मीच वाढवलं आहे, म्हणून त्यातली थोडी माझी आहे.

तुझी आई आजारी असताना रात्रीच्या उरलेल्या पोळ्या कुस्करून, गूळ-तूप घालून मी तुला लाडू करून द्यायची. शाळेत तो तू मिरवत खायचीस. तो शिळा होता, उष्टा नव्हता. शिळं मी तुला तोंडावर सांगून द्यायची आणि माझ्या ताटातही तेच असायचं. तू दिलंस ते तुझ्या घरात कुणी खाणार होतं का? एक लाडू तरी स्वरदासाठी मागे ठेवलास का? हीच ऑर्डर तुमच्या सोसायटीतल्या बाईंची असती, तर तू फोन करून माफी मागितली असतीस आणि दुकानातून मिठाई नेली असतीस. वाडीला चालेल असं तुझ्या मनात आलं. तू ते लिहिलं नाहीस, पण मी वाचलं.

आता जा. तिच्या घरी जा, स्वतःच्या स्वयंपाकघरात बोलावून सांगू नकोस. हातात साडी, खाऊ काही नेऊ नकोस. आणि तिथे रडू नकोस. तू रडलीस की ती बिचारी तुझीच समजूत घालत बसेल, आणि तू हलकी होऊन घरी येशील. एवढं सोपं होऊ द्यायचं नाही.

काय झालं ते कळव. मी वाट पाहते आहे. माया तुझ्यावर आहेच, हे वेगळं लिहायला लागू नये, पण आज लिहिते.

तुझी आत्या,
सगुणा

*

भुकूम
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

चहा त्या अजून घेत नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून तू उगाच खूश होणार नाहीस. आज सकाळीही विचारला, नगं म्हणाल्या. मी विचारत राहणार आहे.

काल एकटी वाडीत गेले, रिकाम्या हाताने. फुलाबाई पल्लवीसाठी नाचणीचे लाडू वळत होत्या. पल्लवी बाळाला घेऊन बसली होती, सारजाबाई दारात. सगळ्यांसमोर सांगितलं. विसरले ते, केक कुणाचा होता ते, नैवेद्याच्या वेळी गप्प राहिले ते. वाडीत कुणाला कळणार आहे असं वाटलं होतं, तेही सांगितलं. रडले नाही.

फुलाबाई लाडू वळायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, की मला तवाच कळलं व्हतं ताई. त्याच दिवशी सांजच्याला त्यांनी वाघजाईची जागा धुतली, गूळ-खोबऱ्याचा नवा नैवेद्य दाखवला आणि कान धरून देवीला सांगितलं, की चूक माजी हाय, म्याच न बघता ठिवला. माझं नाव त्यांनी देवीपुढेही काढलं नाही. आणि मला म्हणाल्या, देवीचं म्या निस्तारलं, पन पोरान्ला काय सांगू? ती अजून काड्या जपून ठिवत्यात. त्यांनी बोट दाखवलं. कुडाच्या भिंतीत ओळीने काड्या खोचलेल्या होत्या, धुऊन स्वच्छ केलेल्या.

मी म्हटलं, पुन्हा करून आणते, ताज्या केकचे, आजच. यावर सारजाबाई दारातूनच बोलल्या, की आनायचं न्हाई, करायचं तर हितं बसून कर, पोरांच्या म्होरं. आणि ते वरचं काळं नगं लावू. आत काय हाय ते दिसू दे. पुढच्या रविवारी मी जाणार आहे. स्वरदालाही नेणार आहे. का जातोय ते तिला सांगितलं. तिने विचारलं, की आई, मग आपण का नाही खाल्ले ते?

मी निघायला उठले तेव्हा फुलाबाईंनी थांबवलं. बाळंतिणीच्या घरातून रिकाम्या तोंडाने जायचं नसतं म्हणाल्या. पल्लवीचे लाडू दिवसांच्या हिशेबाने वळलेले होते, त्यातला काढता येईना. त्यांनी स्वतःसाठी ठेवलेला एकच होता, तो उचलला. तो वाळून कडक झाला होता, हाताने फुटेना, आणि जवळ सुरी नव्हती.

मग त्यांनी पदराचं टोक लाडवावर धरलं आणि पदराआडून, चिमणीच्या दातांनी, त्याचे दोन तुकडे केले. अर्धा मला दिला, अर्धा त्यांनी घेतला.

आत्या, मी तो खाल्ला. मी त्यांच्या देवीला उष्टं दिलं, त्यांनी मला उष्टं दिलं नाही. तेवढा वेळ मला मान वर करता आली नाही.

तुझा हात डोक्यावर असू दे. आज त्याची गरज आहे.

तुझी,
उत्कर्षा