एका जागी बसून न मिळणारी डिग्री

मंगळवार, रात्रीचं जेवण झाल्यावर

आज आकुर्डीच्या त्या कॉलेजात जाऊन आलो. जाताना स्टेशनबाहेर एक जण हेल्मेटवर वाघ रंगवत होता, ते बघण्यातच तास गेला. असो.

विचारायचा प्रश्न बाबांचा होता. जर्मनीतल्या कॉलेजाबरोबरची ही संयुक्त डिग्री इथे चालेल का? मी आधीच दोन कोर्स अर्धवट सोडलेत. आता पुन्हा फसलो तर ते मला चाकणला त्यांच्याच कंपनीत चिकटवणार.

ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, दोन्ही कॉलेजांना आपापल्या देशाची मान्यता आहे, त्यामुळे डिग्री दोन्हीकडे ग्राह्य धरतात. "पण काही क्रेडिट तिकडे जाऊन मिळवावी लागतात. सगळं इथेच बसून केलंत, तर ही डिग्री मिळत नाही."

"म्हणजे जावंच लागतं?"

"हो. नियमच आहे तसा."

नियम! लहानपणापासून 'एका जागी बस' ऐकतोय, आणि इथे बसून राहिलं तर डिग्रीच नाही. कुणी केला असेल हा नियम? माझ्यासारखाच कुणीतरी भटक्या असणार.

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. "गेल्याबिगर भागतच न्हाई म्हणतोस? मग तुझ्यासाठीच काढलेली दिसतीय." मी हसलो, ते हसले नाहीत. तिकडे तरी टिकेन का मी? माहीत नाही. पण जीव लावून बघावंसं वाटतंय, हे पहिल्यांदाच.

हात धुता धुता बाबांनी विचारलं, "पासपोर्टला काय काय लागतंय रे?"