चलानावरची दसऱ्याची तारीख

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
लघुउद्योग यंत्रसुरक्षा कक्ष,
भाईंदर (पश्चिम).

अर्जदार : श्री. पुंडलिक हिराजी भोईर, वय ५६, लाकूडकाम कारखाना, मु. राई, भाईंदर (पश्चिम).

विषय : दि. १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरक्षित टेबल सॉ अर्जदाराच्या कारखान्यात हजर होता, अशी नोंद मिळणेबाबत. तसेच दसऱ्याच्या पूजेपुरते कारखान्याचे सील उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : १. आपली नोटीस, दि. २० जून २०२५ (मुदत नव्वद दिवस).
२. आपला पंचनामा व सील, दि. १८ सप्टेंबर २०२५.
३. आपले पत्र, दि. २४ सप्टेंबर २०२५.

महोदया,

अर्जदार आदरपूर्वक खालील हकीकत सादर करतो.

१. अर्जदार राईचा मूळ रहिवासी आहे. आज जिथे त्याचा कारखाना आहे तिथे आजोबांची मिठाची कोठी होती. कारखान्यात कपाटे, देवघरे आणि किचनच्या ट्रॉल्या होतात. शांती नगरपासून बेव्हर्ली पार्कपर्यंत गिऱ्हाईक आहे आणि आजवर एकाही कपाटाचे दार तिरके लागल्याची तक्रार नाही. काम अर्थात आत्माराम शिवराम मेस्त्री करतो, अर्जदार देखरेख करतो. आत्माराम मूळचा कुडाळकडचा असून एकोणीस वर्षे अर्जदाराकडे आहे आणि राईतच भाड्याच्या खोलीत पत्नी अंबिका हिच्यासह राहतो. अर्जदाराने त्याला कधी नोकर मानले नाही. दरवर्षी दसऱ्याला यंत्रांची पूजा झाल्यावर पहिले सोने अर्जदार त्याच्याच हातात देतो.

२. कारखान्यातील जुना टेबल सॉ, म्हणजे लाकूड कापायचे फिरत्या पात्याचे टेबल, ज्याला सर्वजण कटर म्हणतात, अर्जदाराच्या वडिलांनी आणला. त्याच्या पात्यावरची जाळी कामात आड येते म्हणून केव्हाच काढून ठेवली होती. आपण जूनमध्ये येऊन ते पाहिले आणि नव्वद दिवसांत सुरक्षित यंत्र बसवण्याची नोटीस दिली. अर्जदाराने नोटिशीकडे कानाडोळा केला असे आपल्या पत्रात म्हटले आहे, ते साफ चुकीचे आहे. अर्जदाराने त्या विषयावर तब्बल दोन महिने विचार केला. जो माणूस एकोणीस वर्षे उघड्या पात्यावर काम करून दहाच्या दहा बोटे शाबूत राखतो, त्याला सुरक्षित यंत्र देणे म्हणजे त्याच्या हुन्नरावर अविश्वास दाखवणे नव्हे काय, हा प्रश्न अर्जदाराला पडला होता. माणूस निर्धास्त झाला की बेफिकीर होतो, हेही अर्जदाराचे निरीक्षण आहे. आत्मारामला विचारले तेव्हा तो म्हणाला, "शेट, घेतलीत तर बरं होईल. आता नजर पहिल्यासारखी नाय राहिली." अर्जदाराने त्याला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितले.

३. तरीही मन मोठे करून अर्जदार, त्याची पत्नी शालन आणि आत्माराम असे तिघे ऑगस्टमध्ये विक्रेते श्री. भावेश यांच्या दुकानी यंत्राची चाचणी पाहण्यास गेले. हे यंत्र मांसाला स्पर्श होताच डोळ्याचे पाते लवायच्या आत थांबते, असा त्यांचा दावा होता. श्री. भावेश शाकाहारी असल्याने चाचणीला गाजर घेऊन बसले होते. गाजरावर अर्जदाराचा विश्वास बसेना, म्हणून शालनने डब्यातून आणलेला ओला बोंबील फळीच्या टोकाला धरला आणि फिरत्या पात्यावर सरकवला. श्री. भावेश यांनी तोंड फिरवले. खाट्कन आवाज झाला, पाते टेबलाखाली गेले, आणि बोंबलाला केसाएवढा ओरखडा होता. आत्माराम कितीतरी वेळ तो बोंबील हातात घेऊन उलटासुलटा पाहत होता. मग म्हणाला, "शेट, बोंबील वाचला तर आपन पन वाचू." त्याच दिवशी यंत्र घ्यायचे ठरले. सबब, निर्णय घेण्यात अर्जदाराने टाळाटाळ केली, हा आक्षेप टिकत नाही.

४. यंत्र गणेशोत्सवात यायचे होते. टेम्पो मिळण्यात दिवस गेले आणि ते आले सोमवार दि. ८ सप्टेंबरला, म्हणजे पितृपक्षाच्या प्रतिपदेला. आता पक्षात नवी वस्तू कोण घेतो? टेम्पो परत पाठवावा तर पुन्हा केव्हा मिळणार याचा भरवसा नव्हता. तेव्हा अर्जदाराने मध्यम मार्ग काढला. यंत्र उतरवून घेतले, परंतु 'घेतले' नाही. प्लॅस्टिक तसेच ठेवले, नारळ फोडला नाही, पक्षात नव्या वस्तूचा फोटो नको म्हणून फोटोही काढला नाही, आणि श्री. भावेश यांना माल पोचल्याच्या चलानावर दि. २ ऑक्टोबर, म्हणजे दसऱ्याची तारीख घालायला लावली. आपल्या पत्रात आपण याच चलानाचा आधार घेऊन, यंत्र अपघातानंतर घाईघाईने आणून ठेवले असावे, असा निष्कर्ष काढला आहे. अर्जदार शपथेवर सांगतो की ते नऊ दिवस आधीपासून तिथेच होते. आपल्याच पंचनाम्यानुसार जुन्या कटरपासून त्याचे अंतर सात फूट चार इंच आहे. आत्माराम रोज संध्याकाळी त्याच्या प्लॅस्टिकवरचा भुसा फडक्याने झटकत असे, हे अर्जदाराने स्वतः पाहिले आहे.

५. सदर यंत्र एका पिवळ्या किल्लीशिवाय चालू होत नाही. ती किल्ली अर्जदाराने हयगय न करता पहिल्या दिवशीच घरी नेली, हळदकुंकू लावले आणि देवघरात ठेवली. तेथे ती पूर्णपणे सुरक्षित होती.

६. दि. १७ रोजीची हकीकत अशी. बेव्हर्ली पार्कमधील गिऱ्हाइकाचा गृहप्रवेश दसऱ्याला असल्याने कपाटांचे काम निकडीचे होते. जुन्या यंत्रावर जुने काम चालवायला पक्षात हरकत नसते, म्हणून कटर सुरू होता. सकाळी पावणेअकराला आत्माराम अर्जदाराच्या घरी आला. फळी ओली आहे, कटर ती मागे फेकतोय, दोनदा हात वाचला, तेव्हा आजच्या दिवस नव्या यंत्राची किल्ली द्यावी, असे त्याचे म्हणणे होते. आदल्या शनिवारीही त्याने हेच मागितले होते. शालन आतून म्हणाली, "दे ना त्याला चावी. देव काय बोलनार न्हाय." तिला शास्त्रातले फारसे कळत नाही. अर्जदाराने आत्मारामला शांतपणे समजावले की बाबा रे, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, शिवाय नोटिशीची मुदतही उद्यापर्यंत आहे, कायद्यानेही आपल्याला कोणी काही म्हणू शकत नाही. आत्माराम "बरं" म्हणाला आणि गेला. त्याने पाणी मागितले होते, ते प्यायलाही थांबला नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. दोन तासांत कपाट तयार होते, असे अर्जदार सांगत असतानाच कारखान्यातून हाक आली.

७. आत्मारामच्या उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट व अनामिका गेली. अर्जदार धावत गेला. त्याने स्वतः ती बोटे भुशातून शोधून काढली. दोन लगेच सापडली आणि तिसऱ्याला वेळ लागला. बर्फ शेजारच्या मासळीवालीकडून आणला. डॉक्टर म्हणाले, पात्याने बोटे कापली नाहीत, फाडली आहेत, त्यामुळे ती जोडता येणार नाहीत. अर्जदाराला तेव्हा हमसून रडू आले. याचीही नोंद व्हावी.

८. आपल्या पत्रानंतर अर्जदाराने श्री. भावेश यांना चलानाची तारीख दुरुस्त करण्यास विनवले. त्यांचे उत्तर, "शेठ, आपने बोला तो मैंने दसरा लिखा. अब चलान आगे गया, हवे हुं शुं करूं?" असे आले, म्हणजे आता त्यांच्याही हातात काही नाही. एका पुराव्याकडे मात्र आपले लक्ष वेधणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. अपघातसमयी आत्मारामच्या हाताचे रक्त नव्या यंत्राच्या प्लॅस्टिकवर उडाले आहे. अशुभ दिसते म्हणून अर्जदाराने त्यावर चादर टाकली होती. पंचनाम्याच्या दिवशी आपण चादरीचे एकच टोक उचलून यंत्राचा क्रमांक टिपला, बाकीचा भाग पाहिला नाही. रक्त उडण्यासाठी यंत्र तिथे असावे लागते, हे आपणही मान्य कराल. ते पुसायला अर्जदाराला सवड मिळाली नाही, हे एका दृष्टीने बरेच झाले.

९. आपल्या पत्रात प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा जबाब मागितला आहे. साक्षीदार आत्मारामच. अर्जदार काल त्याच्या खोलीवर गेला. अंबिका त्याला भात भरवत होती. तिने अर्जदाराला बसायला सतरंजी टाकली, चहा ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, त्यांच्यासमोर मशीनचं नाव काढू नका." काम सरकारी असल्याने अर्जदाराला नाव काढावे लागले. यंत्र होते एवढेच लिहून दे, म्हणजे माझ्यावरचे बालंट टळेल, असे सांगितले. तसे झाले तर सुरक्षित यंत्र जवळ असताना तू जुन्यावर का गेलास, असे मॅडम विचारतील आणि चूक तुझ्या माथी येऊ शकेल, हेही अर्जदाराने त्याच्यापासून लपवले नाही. अर्जदार कोणाला अंधारात ठेवणारा माणूस नाही. अंबिका हातातला घास तसाच धरून राहिली. आत्माराम मात्र एक शब्द वावगा बोलला नाही. "खरं ते लिवा. मी अंगठा देतो," एवढेच म्हणाला. त्याला सही उत्तम येते, परंतु हात बांधलेला असल्याने डावा अंगठा घेतला आहे. त्याने सांगितले ते अर्जदाराने शब्दशः लिहून घेतले. जबाब दोन वाक्यांचा आहे. त्यातील दुसरे वाक्य सदर विषयाशी संबंधित नाही, तरी अर्जदार प्रामाणिक असल्याने त्याने ते खोडलेले नाही.

१०. विजयादशमी तीन दिवसांवर आली आहे. कारखान्यात पूजा न झालेले यंत्र असणे कुटुंबाला चांगले नाही. ते चालवण्याचे तंत्र श्री. भावेश यांनी एकट्या आत्मारामला शिकवले होते, त्यामुळे निदान मुहूर्तापुरते त्याने शेजारी उभे राहून सांगावे, असा निरोप अर्जदाराने पाठवला आहे. उत्तर अद्याप नाही. दरवर्षीप्रमाणे पहिले सोने त्यालाच देण्याची अर्जदाराची इच्छा कायम आहे.

११. पिवळ्या किल्लीविषयी एक घरगुती अडचण नमूद करणे भाग आहे. अपघाताच्या दिवशी अर्जदार हॉस्पिटलातून परतून जेवायला बसला तेव्हा शालनने भात वाढण्याआधी ती किल्ली ताटात वाढली. अर्जदाराने ती उचलून पुन्हा देवघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ताटात होती. तेव्हापासून रोज असेच चालले आहे. किल्ली देवघरात ठेवायची नाही, कपाटात ठेवायची नाही, घरात कुठेच ठेवायची नाही, असे शालनने सांगितले आहे. अर्जदाराला जेवण जात नाही. सबब ती सोबत जोडून आपल्या ताब्यात देत आहे.

तरी आपणांस विनंती की,
(अ) दि. १७ सप्टेंबर रोजी सुरक्षित यंत्र जागेवर हजर होते, अशी नोंद घ्यावी;
(ब) अपघाताच्या कारणासमोर अर्जदाराच्या नावाऐवजी योग्य ते नाव लिहावे;
(क) दसऱ्याला विजय मुहूर्तावर अर्धा तास सील उघडावे, म्हणजे पूजाही होईल आणि आपणांस चादर उचलून खात्री करता येईल.

निर्णय आपल्या हाती सोपवून,

आपला नम्र व नेहमीच सहकार्यास तयार,
(सही)
पुंडलिक हिराजी भोईर
राई, दि. २९ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. माल पोचल्याच्या चलानाची प्रत (तारीख २ ऑक्टोबर).
२. डॉक्टरांचा दाखला. त्यात बोटांची संख्या दिलेली आहे.
३. आत्माराम शिवराम मेस्त्री याचा जबाब, डाव्या अंगठ्यासह : "मशीन होती. चावी मी दोनदा मागितली."
४. पिवळी किल्ली, एक नग, हळदकुंकवासह. न वापरलेली.