मुंग्यांवरचं संशोधन

२९ नोव्हेंबर २००१, गुरुवार
दिवाळीची सुट्टी संपली. शाळेत संगणक कक्ष होणार, उद्घाटन २६ जानेवारीला. हेडसरांनी मीटिंगमध्ये विचारलं, इंटरनेटवर जीवशास्त्र आणि आरोग्य शिकायला कुठल्या कुठल्या वेबसाइट उपयोगी आहेत, त्याची यादी मुलांसाठी कोण करेल? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हात वर केला. बावीस वर्षं नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवतोय. पंचवीस वेबसाइट म्हणजे हातचा मळ. इंटरनेट अजून पाहिलेलं नाही, पण वाचायचंच तर आहे.

सविताला सांगितलं. बायको म्हणून दोन शब्द कौतुकाचे बोलेल असं वाटलं होतं. ती गिऱ्हाइकाचा ब्लाऊज बेतत होती. म्हणाली, मग माझ्या हाताचंही बघा की त्यात. फराळाच्या चकल्या पाडल्यापासून उजव्या हाताला मुंग्या येतात, अंगठा आणि शेजारची दोन बोटं. कात्री सुटते. डॉक्टरांकडे जाऊन येऊ का आपण?
म्हटलं, आधी अभ्यास, मग डॉक्टर. शास्त्राच्या शिक्षकाच्या घरी तरी असंच हवं.
संकल्प: रविवारी यादी पूर्ण. सोमवारी सविताला डॉक्टर.

२ डिसेंबर, रविवार
पंचवटी कारंजाजवळ दिनेशचं सायबर कॅफे. दिनेश माझाच जुना विद्यार्थी, विज्ञानात पस्तीस. आता मला शिकवतो.
आधी सविताचं काम. मुंगी म्हणजे अँट, हात म्हणजे हँड. इंग्रजी आपलं पक्कं आहे. ‘अँट्स इन हँड’ टाइप केलं. लाल मुंगी, काळी मुंगी, ब्राझीलची मुंगी, मुंग्या मारायची पावडर. एक वेबसाइट फारच उत्तम. मुंगीला दोन पोटं असतात, एक स्वतःसाठी आणि एक वारुळातल्या बाकीच्यांसाठी. यादीत क्रमांक एक.
घरी येऊन सविताला सांगितलं. ती म्हणाली, आणि माझं? म्हटलं, तुला एकच असतं.
तिने हाताचं विचारलं होतं हे मागाहून लक्षात आलं.

३ डिसेंबर, सोमवार
डॉक्टर राहिले. वह्या तपासायच्या होत्या.

५ डिसेंबर, बुधवार
सापडलं! स्टाफरूममध्ये चित्रकलेचे सर सांगत होते की त्यांच्या काकांच्या लघवीला मुंग्या लागायच्या, तेव्हा शुगर निघाली. मुंग्या आणि साखर! इतकी सोपी गोष्ट. सविताला मधुमेह.
आजपासून तिच्या चहातली साखर बंद, भात बंद, सकाळी कारल्याचा रस. ती म्हणाली, रक्त तपासून घेऊ ना एकदा. म्हटलं, आधी पथ्य, मग तपासणी. माझ्या चहात साखर चालू आहे, त्यामुळे तिला दोन चहा करावे लागतात. इलाज नाही.
संध्याकाळी कारंजावर गरम जिलबी खाल्ली. उभ्याउभ्या. उभ्याने खाल्लेलं धरायचं नसतं. तरी मन खात होतं.

१२ डिसेंबर, बुधवार. संध्या. ७.३०
एका अमेरिकन विद्यापीठाची वेबसाइट. संपूर्ण मानवी शरीर! सांगाड्यावर क्लिक केलं. चित्र वरून खाली उतरतं. दहा मिनिटांत कवटी. वीस मिनिटांत मान. खांदे आले आणि लाइट गेली.
हातापर्यंत पोचलोच नाही. यात माझा काय दोष?
सविता म्हणाली, पोळी लाटताना लाटणं सुटलं आज. म्हटलं, खांद्यापर्यंत झालंय, थोडा धीर धर.

१८ डिसेंबर, मंगळवार
चित्र येईपर्यंत नुसतं बसून काय करायचं? दिनेशने संगणकातले पत्ते दाखवले. हार्ट्स नावाचा खेळ. चौघांचा असतो, पण बाकीचे तिघे संगणकच होतो. फार हुशार आहेत तिघेही. याला इंटरनेट लागत नाही हे दिनेशने दीड तासाने सांगितलं.
घरी सविता दारातच उभी. हाताचं काही झालं का? म्हटलं, हो, बरेच हात झाले.
तिला कळलं नाही. ती हसली, बरं वाटलं तिला. मी पटकन आंघोळीला गेलो. थंडीत, संध्याकाळी, गार पाण्याने.
संकल्प: पत्ते बंद.

२५ डिसेंबर, मंगळवार
नाताळची सुट्टी. पल्लवी यंदा दहावीला. अभ्यास सोडून माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाबा, टिंगलिंग. मला वाटलं, टिंगल करतेय. चांगलं झापलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, आईला ज्या मुंग्या येतात त्यांना इंग्रजीत टिंगलिंग म्हणतात, त्यातली एकही खरी मुंगी नसते.
मला ठाऊक होतंच. फक्त त्या वेळी आठवलं नव्हतं.
लगेच कॅफे गाठलं. हजारो पानं निघाली. दोन वाचली. कारणं अकरा. मनगटात शीर दाबली जाते, असं एक. मधुमेहही होता यादीत! म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो. दोन्हीकडे शेवटी तेच: दुर्लक्ष करू नका, डॉक्टरांना भेटा. सगळ्यांनी शेवटी डॉक्टरांकडेच पाठवायचं तर मग इंटरनेट कशाला काढलं?
उगाच घाबरलो. मन शांत व्हायला एक डाव खेळलो. फक्त एक. मग दुसरा.

१ जानेवारी २००२, मंगळवार
नवीन वर्षाचे संकल्प: (१) सविताला डॉक्टर. (२) यादी. (३) पत्ते नाहीत. (४) पल्लवीची क्षमा मागणे, योग्य वेळ पाहून.

६ जानेवारी, रविवार
वरच्या मजल्यावरच्या नवसाबाईंनी जिन्यात गाठलं. दिंडोरीकडच्या, तोंडाने फटकळ, पण सविताची त्यांच्याशी गट्टी. म्हणाल्या, सर, बाईचा हात लय दिस झालं दुखतोय, कोन्या डाक्टरला दावला का नाय? म्हटलं, माझा अभ्यास चालू आहे. त्या म्हणाल्या, अभ्यास तुमचा आन् परीक्षा तिची व्हय?
उद्धट बाई. उत्तर सुचलं तोवर त्या वर पोचल्या होत्या.

१३ जानेवारी, रविवार. भोगी
आज लिहायला आनंद वाटतो. पथ्याचा गुण आला!
सविताने तिळाचे लाडू केले. दरवर्षी गरम पाकाचे चटके बसतात, पाण्याचा हात लावते, फुंकर मारते, हाशहुश करते. यंदा एक शब्द नाही. कढईतून घेते आणि वळते. पल्लवी दोन लाडवांतच बोटं तोंडात घालून पळाली. मी म्हटलं, बघ, आईचा हात कसा कणखर झालाय. सहा आठवडे कारलं! सविताही म्हणाली, खरंच, यंदा चटका जाणवतच नाही.
तिला लाडू खाऊ दिला नाही. पथ्य म्हणजे पथ्य. मी सहा खाल्ले.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत
सकाळी सविताच्या उजव्या हाताला फोड. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट. टपोरे, पाण्याने भरलेले. चांगलंच भाजलं होतं, तिला कळलं नाही, एवढंच. मी मलम लावलं. मी बोट दाबलं तरी ती खिडकीतून बाहेर बघत होती. दुखतंय का विचारलं. नाही म्हणाली.
दिवसभर लोक तिळगूळ घ्यायला आले. डाव्या हाताने तिळगूळ देऊ नये म्हणून ती आतच बसली. मी दारात उभा राहून गोड बोला, गोड बोला म्हणत होतो.
काल या वहीत मी ‘पथ्याचा गुण’ लिहिलंय. पान फाडणार होतो. मागच्या बाजूला यादी आहे म्हणून राहू दिलं.
उद्या डॉक्टर. उद्या म्हणजे उद्याच.

१५ जानेवारी, मंगळवार
हेडसरांनी सगळ्यांसमोर यादी मागितली. चार वेबसाइट झाल्यात. एक मुंगीची. संध्याकाळी कॅफेत जाणं भागच होतं. डॉक्टर परवा.

१८ जानेवारी, शुक्रवार
परवा होऊन गेला. सविताने आता विचारणंच सोडलंय. विचारायची तेव्हा बरं होतं, काहीतरी उत्तर तरी देता यायचं.

२३ जानेवारी, बुधवार
शाळेतून लवकर आलो, खरंच डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून. रिक्षासुद्धा थांबवून ठेवली होती. घराला कुलूप.
अर्ध्या तासाने सविता आणि नवसाबाई आल्या. जाऊन आल्या होत्या. मनगटात शीर दाबली गेलीय. साखर अगदी व्यवस्थित. अंगठ्याखालचा गादीसारखा भाग बसत चाललाय. ऑपरेशन करावं लागेल. बोटांतली जाणीव सगळी परत येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. अगोदर आला असता तर पट्टा बांधूनही भागलं असतं म्हणाले.
सविता चहा करायला आत गेली. एकच भांडं चढवलं, साखर दोघांनाही घातली.
नवसाबाई हळूच म्हणाल्या, डाक्टर म्हनत व्हते हे लय दिसाचं हाय, पर तुमची बायकू पंधरा दिसाच्या पुढं सरकंना. मी भाईर आल्यावर इचारलं, खोटं कशापायी बोलली? तर म्हनती, खरं सांगितलं आस्तं तर त्यांनी इचारलं आस्तं, मालक काय करत्यात.
मी चांगला माणूस नाही असं आज प्रथमच वाटलं. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता.

२६ जानेवारी, शनिवार
उद्घाटन झालं. पाच वेबसाइटची यादी सुवाच्य अक्षरात कार्डबोर्डवर. हेडसर म्हणाले, सरांनी दोन महिने रात्रंदिवस खपून केलं, घरादाराकडे बघितलं नाही. टाळ्या.

१० फेब्रुवारी, रविवार
ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. मुंग्या थांबल्या. बोटांना अजून काही कळत नाही. सुई धरली तर पडते, आणि पडली हेही तिला आवाज आला तरच कळतं. डॉक्टर म्हणतात, सहा महिने बघू.
सकाळी सविताने गिऱ्हाइकांची कापडं परत केली. लग्नसराईतले अकरा ब्लाऊज. मी आतल्या खोलीत होतो, तिचा आवाज ऐकू येत होता. एकेकीच्या हातात गठ्ठा देताना सांगत होती, यंदा नाही जमणार गं, सरांनी सक्त सांगितलंय, अजिबात शिवायचं नाही. त्या म्हणत होत्या, बरोबरच आहे, सरांना त्यातलं कळतं.
ती म्हणाली, हो ना. माझ्या दुखण्यासाठी दोन महिने अभ्यास केला त्यांनी.
बोलण्यात टोमणा नव्हता. मी कान देऊन ऐकलं, खरंच नव्हता. शेवटची बाई जाईपर्यंत मी बाहेर आलो नाही.