ल्युसर्नचा बेत आणि फादरांची लाल चड्डी

वरचं कुरण, शेखेनची दरी
संत पीटर-पॉलच्या सणाआधीचा शुक्रवार

तीर्थस्वरूप आगाथाताईस,

धाकट्या आम्ब्रोसचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे यंदा वाकणं कागदावरच गोड मानून घे.) इकडे मी, गाई आणि छप्पर देवाच्या कृपेनं खुशाल आहोत, पैकी छप्पर थोडं गळतं. तुझे गुडघे कसे आहेत? खालच्या मजल्यावरच्या आम्राइनबाई अजून जिन्यात बूट वाजले की दार किलकिलं करून बघतात का? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग, की येणारा पाहुणा डोंगरातला असला तरी पाय पुसतो.

तुझं पत्र पोचलं. जुलैतल्या मुक्कामाचा तू आखलेला बेत मी तीनदा वाचला, त्यातला एकदा गाईंसमोर मोठ्यानं. सोमवारी लाकडी पूल, मंगळवारी दगडात कोरलेला मरणारा सिंह, बुधवारी ऑर्गन, गुरुवारी चित्रं, शुक्रवारी पुन्हा चित्रं (पहिल्या दिवशी नीट समजली नाहीत तर म्हणून, असं तू लिहिलंयस, भावाला तू बरोबर ओळखतेस). अख्खं चीज आणू नकोस, बसमध्ये अनोळखी माणसाला 'काय, कुणाचा रे तू?' विचारू नकोस, रविवारी खिळे-बिळे ठोकून आवाज करू नकोस, या सूचना लक्षात ठेवल्यात. तुला ठाऊकच आहे, आपल्या दरीत उन्हाळ्यात कुरण आठवडाभर सोडून खाली उतरतो तो एकतर बोहल्यावर चढायला, नाहीतर खांद्यावरून. मी या वयात पहिल्यानं उतरणार म्हटल्यावर कास्परनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. पण गाई सांभाळतो म्हणाला. "जा बाबा, जा," म्हणाला, "तुझ्या गाईंनाही जरा चांगल्या माणसाच्या हाताखाली राहिल्याचं सुख मिळेल." (हा माझा शाळेपासूनचा मित्र. शत्रू ठेवायला मला परवडतच नाहीत.)

एवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र इथेच संपलं असतं आणि मी दरीत तोंड दाखवू शकलो असतो. पण मला एक पोहण्याची चड्डी घ्यायची होती. का, ते आत्ता विचारू नकोस. घ्यायची होती. म्हणून मी आल्टडोर्फला कापडाच्या दुकानात गेलो. मुद्दाम आल्टडोर्फला, कारण तिथे ओळखीचं कुणी नसतं. दार ढकललं, वरची घंटी वाजली, आणि गल्ल्यामागे कोण? आपली फिलोमेना! चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याची बायको! वसंतापासून तिथे कामाला लागली आहे म्हणे. ताई, नवरा एक घंटा वाजवेपर्यंत ही चार गावांत वाजून येते, हे तुला मी सांगायला नको. मी रुमाल मागायला तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "पोहण्याची चड्डी." फिलोमेनानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खालपासून वरपर्यंत. "कुणासाठी?" आता 'माझ्यासाठी' म्हणायला किती वेळ लागतो? पण समोर भिंतीवर आपल्या चर्चच्या जत्रेची जाहिरात लावलेली, त्यावर फादर थिओडुलचं नाव, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फादरांसाठी." तिचा चेहरा एकदम भक्तिभावानं भरून आला. एकच चड्डी शिल्लक होती, लाल. "फादरांना शोभेल का लाल?" तिनं हळूच विचारलं. मी म्हणालो, कार्डिनल लोकांना शोभतं ना? माझं डोकं एवढं एरवी कधी चालत नाही.

मी बसनं घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. दूध घालायला गेलो तर तिथे हीच चर्चा, की फादरांना डॉक्टरांनी पाण्याचा उपचार सांगितला आहे. दुसऱ्या दिवशी उपचार बिशपनी सांगितला होता. तिसऱ्या दिवशी फादर धर्म सोडून समुद्रावर चालले होते. रविवारी प्रार्थनेला एवढी गर्दी झाली की लोक ख्रिसमसला बसतात तसे पायऱ्यांवर बसले, आणि फादर 'यार्देन नदीत आपला प्रभू उतरला' एवढं वाक्य बोलले मात्र, सगळं चर्च खोकायला लागलं. बिचारे फादर भांबावून प्रवचन अर्ध्यावर सोडून खाली आले. मी खांबाआड होतो. खांब अजून जाड असता तर बरं झालं असतं.

सोमवारी दुपारी काठी टेकत, धापा टाकत फादर स्वतः वर कुरणावर आले. बाकावर बसले, मी दिलेलं दूध पूर्ण प्यायले, मिशी पुसली आणि शांतपणे म्हणाले, "आम्ब्रोस, माझी चड्डी कुठंय?"

ताई, मी उठलो. आतून आणून दिली. त्यांनी ती उन्हात आडवी धरून पाहिली. "लाल," म्हणाले. "मला विचारलं असतंस तर मी निळी सांगितली असती." मग घडी करून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आता कबुलीजबाब म्हणून सांगतोस, की असंच सांगतोस?" मी असंच सांगितलं. चड्डी कशासाठी, कुणासाठी, सगळं. (तुला नंतर सांगतो म्हटलं ना.) ऐकून त्यांनी समोरच्या कड्याकडे बघत काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली. मग म्हणाले, त्यांचे वडील ब्रुनेनला नाव वल्हवायचे आणि ते स्वतः चालायच्या आधी पोहायला शिकले होते; पण झगा अंगावर चढल्यापासून गुडघ्यावरचं पाणी बघितलेलं नाही. "ल्युसर्नच्या तलावात पहिल्यांदा उतरशील तर धोंड्यासारखा जाशील," म्हणाले. "वरच्या तळ्यात बर्फ वितळलाय का?"

अर्धा वितळला होता. म्हणजे तळ्याच्या एका काठाला फुलं आणि दुसऱ्या काठाला बर्फ. चड्डी एकच, ती शिकणाऱ्यानं घालावी असं ठरलं. फादर त्यांच्या लांब लोकरी आतल्या पोशाखात उतरले, जो बहुधा त्यांच्या आईनं विणलेला असावा. पाण्यात पाय घातला आणि मला आपले सगळे पूर्वज एका रांगेत उभे दिसले. फादरांनी माझ्या पाठीखाली हात धरला. "पोट वर. हनुवटी वर. आणि विश्वास ठेव." मी विचारलं, "कुणावर, फादर?" "सध्या माझ्या हातावर," ते म्हणाले. पहिल्या दिवशी मी फक्त बुडालो. दुसऱ्या दिवशी ओरडत बुडालो, ही प्रगती असं फादर म्हणाले. आणि बुधवारी, ताई, त्यांनी हात काढून घेतला तरी मी एक 'नमो मरिया' प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ पाण्यावर राहिलो! कानांत पाणी, वर निळं आभाळ, आणि मला स्वतःचं वजनच लागेना. साठ वर्षं हा डोंगर चढतोय, पण इतका वर कधी पोचलो नव्हतो.

नेमकी तेव्हाच बाबेटनं घाण केली. बाबेट म्हणजे माझी ठिपक्यांची गाय, मीठ लागलेलं काहीही चाटणारी. फादरांचा झगा काठावरच्या दगडावर ठेवलेला, घामानं खारट झालेला. बाईसाहेबांनी बाही तोंडात धरली आणि चघळत चघळत, झगा ओढत, उतारानं खाली कास्परच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कास्परनं गाय पाहिली, झगा पाहिला, तळ्याच्या बाजूनं आलेली वाट पाहिली, आणि हिशेब केला. आपल्याकडे संध्याकाळची प्रार्थना ज्या दुधाच्या लाकडी नरसाळ्यातून दरीभर हाक मारून म्हणतो ना, ते त्यानं तोंडाला लावलं आणि भर दुपारी आरोळी ठोकली, "फादर बुडाले हो! आम्ब्रोसपण!" (तो 'पण' ऐकलास? शाळेपासूनचा मित्र.)

उतारावर गवतकापणी चालली होती. सगळी माणसं विळे, दाताळी, दोरखंड घेऊन धावत वर आली. अग्निशमनवाल्यांनी शिडीसुद्धा आणली. (तळ्यात शिडी कशाला, हे अजून कुणी सांगू शकलेलं नाही.) आणि सगळ्यांच्या पुढे, हातात दाताळं घेतलेली, सुट्टीवर भावाच्या शेतात आलेली फिलोमेना! आम्ही दोघं गळ्याइतक्या पाण्यात, दात वाजताहेत. लोकांना दोन जिवंत डोकी दिसली तसे ते काठावर गुडघे टेकून रडायला लागले. फादर माझ्या कानात म्हणाले, "आम्ब्रोस, मी असा बाहेर येणार नाही." मी म्हटलं, "फादर, मला यायचंय, पण पाय सापडत नाहीयेत."

शेवटी फादरांनी प्रवचनाचा आवाज लावला. "सगळ्यांनी डोंगराकडे तोंड करा! डोळे मिटा! नमो मरिया!" आणि ताई, अख्खी दरी पाठमोरी उभी राहून मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागली आणि आम्ही खेकड्यांसारखे हातापायांवर काठाला लागलो. बेत उत्तम होता. फक्त फिलोमेना 'आमेन'च्या आधी वळते, हे फादरांना कुणी सांगितलं नव्हतं.

"अगं बाई!" ती किंचाळली. "फादरांची चड्डी आम्ब्रोसनं घातलीय!"

मग सगळेच वळले. कास्पर पुढे आला, मला वाटलं मिठी मारतोय. "लाज नाही वाटत?" म्हणाला. "देवमाणसाची चड्डी! आणि ते बिचारे लोकरीत कुडकुडताहेत!" म्हाताऱ्या लोकांनी माना हलवल्या. एकीनं आपली शाल काढून फादरांना पांघरली. मला कुणीतरी गवताचं पोतं दिलं. फादरांनी तोंड उघडलं होतं, खरं सांगणारही होते, पण दात एवढे वाजत होते की 'मी... मी... मीच दिली' एवढंच बाहेर पडलं, आणि त्यामुळे तर लोकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. रात्री गावात वर्गणी काढली. काल गावानं फादरांना नवी चड्डी भेट दिली, निळी. माझ्याकडे आता आया पोरांना बोट दाखवून सांगतात, की बघ, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला की असं होतं.

असो. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतर टिकला तर वाढवावा.

तुझा, शक्य तिथे आज्ञाधारक, भाऊ
आम्ब्रोस

ता.क. दोन गाद्या घाल. फादर माझ्याबरोबर येत आहेत. नवी चड्डी कपाटात ठेवून गावाचा अपमान कसा करायचा, असं म्हणतात. मला वाटतं, त्यांनाही तळ्यातून बाहेर यायचं नव्हतं.

ता.क. दुसरं. चित्रं दोन्ही दिवसांची रद्द कर. सिंह मेलेलाच आहे, तो पुढच्या वर्षीही असेल. मी त्यासाठी येत नाहीये. तुझ्या प्रिस्कावर रागावू नकोस, पण ईस्टरला माझ्या या भाचीनं मला फोनवर सगळं सांगितलं. तुझ्याबरोबर रोज पोहणारी मैत्रीण हेडविग लेकीकडे बाझलला राहायला गेली, डॉक्टरांनी तुझ्या हृदयाचं बघून एकटीनं पाण्यात उतरायचं नाही म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून तू तलावाकडे फिरकली नाहीस. मला मात्र तू लिहितेस की यंदा पाणी फार गार आहे! ताई, तू नोव्हेंबरात उतरणारी बाई. तेव्हा मी आलो की रोज सकाळी चर्चच्या आधी आपण तलावावर जायचं. तू पोहायचंस, मी तुझ्या शेजारी असेन. त्यासाठी हा सगळा तमाशा झाला.

ता.क. तिसरं. मी अजून एका 'नमो मरिया'पुरताच तरंगतो, पुढे खाली जातो. पण प्रिस्काला मी खोदून खोदून विचारून घेतलंय: डॉक्टरांनी सोबत कुणीतरी हवं एवढंच म्हटलंय, ते कुणीतरी पाण्याच्या वरच असलं पाहिजे असं काही म्हटलेलं नाही.