रिलीव्हर

रहाटणी,
३ ऑगस्ट २०२५

चि. बुद्धरत्न यास,
सप्रेम जयभीम.

फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडतोस, म्हणून पत्र. कागदाला 'बरं ताई, ठेवतो' म्हणता येत नाही.

काल 'कवचवीर'चा शेवटचा भाग पाहून आले. बारा वर्षांत नऊ भाग झाले. पहिला आपण दोघांनी चिंचवडला पाहिला होता, तू खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या मारल्या होत्यास. या वेळी एकटीच गेले. पहिला तास फार आवडला. सगळे वीर स्वयंपाकघरात बसून एकमेकांची उणीदुणी काढतात. सिनेमाभर तेवढंच चाललं असतं तरी मी बसले असते. मधली मारामारी मात्र लांबली, कोण कुणाला मारतंय तेच कळेना. मग आभाळाला भेग पडते आणि कवचवीर ती दोन्ही हातांनी धरून उभा राहतो, जळून जाईपर्यंत. मी रडले. रडता रडताच राग आला. शेजारी त्याच्याच ताकदीचे आठजण उभे, आणि त्यातल्या एकालाही तो म्हणत नाही की जरा धर.

आमच्या चाकणच्या कंपनीत लाईनवरून पाणी प्यायला जायचं तरी आधी हात वर करायचा. रिलीव्हर येऊन आपल्या जागेवर उभा राहिला की मगच हलायचं. हात वर न करता उभा राहून जो चक्कर येऊन पडतो, त्याला कुणी वीर म्हणत नाही. सुपरवायझर झापतो त्याला.

तर मी हात वर करते आहे. कंपनी मला सहा महिने होसूरला ट्रेनिंगला पाठवते आहे. परतल्यावर नव्या मुलामुलींना शिकवायचं काम माझं. आमच्या वायरिंगच्या लाईनवर आजवर एकाही बाईला ते मिळालेलं नाही. सोमवारी, अकरा तारखेला होकार द्यायचा आहे. आईची डावी बाजू गेल्यापासून सहा वर्षं ती माझ्याकडे आहे. हे सहा महिने तिला तू ने.

लोभ असू दे, आणि या वेळी तो थोडा कामाचाही असू दे.
तुझी ताई,
अंजली

राजगुरुनगर,
७ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

पत्र तुझ्या भावजयीने, स्वरूपाने मोठ्याने वाचून दाखवलं, झापण्याचा भाग तर दोनदा. कवचवीराला सुपरवायझर लावणारी तू जगात एकटीच. अगं, तो 'धर' म्हणाला नाही यातच त्याचं मोठेपण. सगळ्यांना जमलं असतं तर नऊ भाग कशाला काढले असते?

होसूरचं वाचून अभिमान वाटला. पण आईला तुझ्या हाताची सवय. आमचा दुसरा मजला, लिफ्ट नाही, त्यात आमच्या प्रज्वलची दहावी. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही, हे मी ऑफिसातही सांगत असतो. ट्रेनिंग काय, पुढच्या वर्षीही निघेल.

रागावू नकोस. तुझ्या लोभावर हक्क सांगणारा,
बुद्धरत्न

रहाटणी,
११ ऑगस्ट २०२५

चि. बुद्धरत्न यास,
सप्रेम जयभीम.

आज सकाळी सही केली. पुढच्या वर्षी तिथे दुसऱ्या कुणाचं नाव असेल.

'तुझ्यासारखं कुणाला जमत नाही' हे वाक्य मी सहा वर्षं पदकासारखं मिरवलं. चूक माझीच. मलाही जमत नव्हतं रे. पहिल्याच महिन्यात आई माझ्या हातून न्हाणीत निसटली होती. तुला सांगितलं नाही. न सांगण्यात मला मोठेपण वाटत होतं. त्या कवचवीरावर मी उगाच नाही रागावले.

रविवारी, सतराला आईला घेऊन येते. जिना चढवायला दोन माणसं तयार ठेव, त्यातला एक तू. गोळ्यांच्या वेळांचा कागद डब्यालाच चिकटवला आहे. चहात साखर मागेल, द्यायची नाही. मग शिव्या देईल, त्या खायच्या. जाशील का म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, पोरगाच हाय की, वाघ न्हाई, खाणार न्हाई मला.

माया आटली असं समजू नकोस. समजलास तरी रविवारी येतेच आहे.
अंजली

राजगुरुनगर,
७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

होसूरला जेवणाचे हाल होत नाहीत ना? पत्राला उशीर झाला. स्वरूपाने पहिल्याच दिवशी बजावलं, की आई तुमची, आंघोळही तुम्हीच घालायची. मला दीड तास लागतो. तीनदा लेटमार्क पडला. मी म्हैस धुतल्यासारखं पाणी ओततो, असं आई शेजारच्या विमलबाईंना सांगते. चौथ्या दिवशी जिन्यात बसून रडलो, तेवढं तुझ्यापाशीच राहू दे.

काल तिला चाकणला तुझा सिनेमा दाखवला. मारामारीत ती झोपली. आभाळाला भेग पडली तशी जागी झाली, आणि अख्ख्या थेटरात ऐकू जाईल अशी म्हणाली, की आरं, एवढी धडधाकट माणसं नुसती बघत काय उभी हायेत, एकानं तरी हात लावा की. थेटर हसलं. मी तिच्या चाकाच्या खुर्चीचा दांडा धरून बसलो.

दिवाळीत सुट्टी मिळाली तर ये. पण आईचं करायला म्हणून नको, पाहुणी म्हणून ये. जेवायचं आणि उठायचं. ताटसुद्धा उचलायचं नाही.

तुझा,
बुद्धरत्न